पेटीची पिशवी

"मग अक्का, अस्तर वीस मिलिमीटरचं बरं, की पंचवीस?"

गिरिजाक्का चिंचेच्या कोळानं टाळ घासत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"कशाचं अस्तर?"

"पेटीच्या पिशवीचं."

"अजून तेच?"

"तेच," हे म्हणाले. थोडं अभिमानानंच म्हणाले, असं मला वाटलं.

गडहिंग्लजच्या मठात सोमवारचं भजन गिरिजाक्का सांगतात. गेली चाळीस वर्षं. साथीला पेटी वाजवणारे त्यांनी स्वतःच तयार केले, आणि ते एकेक करून पुण्याला गेले, नाहीतर वर. शिष्य म्हणून आता उरलेत ते आमचे हे. विरूपाक्ष. बोट गोड आहे, असं अक्का एकदा म्हणाल्या होत्या. ते ह्यांनी गावभर सांगितलं.

मठाच्या जुन्या पेटीचा भाता उंदरांनी खाल्ला. तेव्हा ह्यांनी मिरजेहून नवी पेटी आणली. प्रवासाची, घडी होणारी, सागवानी. झाकणात तोंड दिसावं असं पॉलिश. ती आमच्या लग्नाच्या चार दिवस आधी घरात आली, त्यामुळे मानानं ती थोरली.

ती पेटी शिकवणीला मठात आणायची, असं ठरलं होतं. ठरून तीन महिने झाले. पेटी कपाटात, गोधडीत, कुलपात.

का, तर पिशवी मिळत नाही.

हे भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीदार आहेत. बांध कुणाचा किती सरकला, ते बोटभराच्या फरकानं सांगतात. ऑफिसात त्याचं कौतुक होतं. मी घरात असते.

त्या दिवशी ह्यांनी मठाच्या फरशीवर चार पिशव्या मांडल्या. ओळीनं, एकीला दुसरी न लागता.

"ही कोल्हापूरची. अस्तर दहाच मिलिमीटर."

"मग नको."

"ही बेळगावची. अस्तर वीस. पण चेन धातूची आहे. उघडताना चेनचे दात झाकणाला घासणार."

"तिसरी?"

"तिला चाकं आहेत."

"मग ओढत आण की."

"हादऱ्यानं सूर उतरतात, अक्का."

"आणि ही?"

ह्यांनी चौथ्या पिशवीवरून हात फिरवला. "हिच्यात सगळं बरोबर आहे."

"मग?"

"आतून लाल मखमल आहे. रंग सुटला तर?"

अक्कांनी टाळ पाण्यात बुडवला, वर काढला, उजेडात धरून बघितला.

"रंग सुटला तर..." त्या म्हणाल्या. स्वतःशीच.

मग त्यांचं लक्ष माझ्या पुढ्यातल्या खोक्याकडे गेलं.

"हे काय गं?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. उत्तर माझ्याकडे नव्हतं असं नाही, पण सांगायला लाज वाटत होती.

"नमुना," हे म्हणाले. "पेटीच्या मापाचा. आत अकरा किलो ज्वारी भरलीय, म्हणजे वजनही तंतोतंत. पिशवीत घालून बघायला."

ज्वारी मीच तोलली होती. दोनदा. एकदा माझं समाधान व्हावं म्हणून, आणि एकदा ह्यांचं झालं नव्हतं म्हणून.

"ज्वारी आणलीस," अक्का म्हणाल्या, "आणि पेटी?"

"पेटी कशी आणणार? पिशवी कुठे ठरलीय?"

अक्का उठल्या. पदराला हात पुसले. खोकं स्वतः उचलून त्यांनी मधोमध ठेवलं, आणि त्याच्या डाव्या अंगाला मांडी घालून बसल्या.

"बस. काळी चारचा सूर दे."

हे हसले. "अक्का, हे खोकं आहे."

"बस तरी."

हे बसले. अक्कांनी डोळे मिटले आणि वाट बघत राहिल्या...

मागच्या श्रावणात अक्का काळी पाचच्या पट्टीत गायच्या. पेटीतलं मला फारसं कळत नाही, पण घरात उठता-बसता हेच ऐकते. यंदा त्या काळी चारवर उतरल्या आहेत. पुढे पांढरी पाच, मग काळी तीन. वयाबरोबर गळा असा उतरत जातो म्हणे, आणि मग एक दिवस थांबतो.

खोकं काही वाजलं नाही.

"ऐकू आलं?" अक्कांनी विचारलं.

"काय?"

"मलाही नाही आलं." त्यांनी डोळे उघडले. "हे बघ विरूपाक्ष. पुढच्या श्रावणापर्यंत गळा राहील का नाही, मला ठाऊक नाही. परवा सोमवार. माझ्या उजव्या हाताला पेटी पाहिजे. तुझी नसली तर नेसरीच्या मास्तरीणबाई बसतील, आणि मग त्याच बसतील. सारखी माणसं बदलायला मला आता वेळ नाही."

हे एकदम गोरेमोरे झाले. त्या जागेसाठी ह्यांनी बारा वर्षं बोटं झिजवली आहेत. बेळगावला बढतीवर जायचं होतं, तेही त्या जागेसाठी सोडलं. ते मला ह्यांनी लग्नाआधी, बघायच्या कार्यक्रमात सांगितलं होतं. पोहे खाता खाता.

"त्या बाईंना लय नाही, अक्का."

"पेटी आहे."

"त्या कशातून आणतात?"

"एसटीतून."

"तसं नव्हे. पिशवी कसली आहे त्यांची?"

अक्का ह्यांच्याकडे बघत राहिल्या. मी फरशीकडे बघत राहिले. चार महिन्यांत मला एवढं कळलं आहे की अशा वेळी फरशीकडे बघावं.

"परवापर्यंत ठरवतोच," हे म्हणाले. "इचलकरंजीला एकानं पाचवी दाखवलीय. अस्तर पंचवीस, चेन प्लास्टिकची. आतून करडी."

"विरूपाक्ष."

"अं?"

"गप्प बस जरा."

अक्कांनी मान माझ्याकडे वळवली.

"नीलांबिका, येताना स्कूटर तूच चालवलीस ना?"

"मीच."

"घर किती लांब?"

"सहा मिनिटं."

"जा. पेटी घेऊन ये."

ह्यांचा हात शर्टाच्या खिशावर गेला. कपाटाची किल्ली तिथं असते. "अक्का, तिला सवय नाही पेटी धरायची."

"तुला आहे?"

ह्यांनी खिसा घट्ट धरला.

"ज्वारी बरी आणली की तिनं. तू गाडीवर मागं बसून काय धरलं होतंस?"

ह्यांनी पिशव्या धरल्या होत्या.

किल्ली त्यांनी दिली, असं म्हणता येणार नाही. मी हात पुढं केला, आणि बऱ्याच वेळानं ती हातात आली.

"निदान मखमलीची तरी घेऊन जा," ते म्हणाले.

"तशीच जा," अक्का म्हणाल्या.

मी तशीच गेले. कपाट उघडलं, गोधडी बाजूला केली, पेटी उचलली. ज्वारीपेक्षा हलकी वाटली. पायाशी ठेवायची नाही एवढं मला कळतं, म्हणून मागच्या सीटवर ठेवून ओढणीनं घट्ट बांधली. वाटेत तीन गतिरोधक आहेत. दोन सरकारी आणि एक एका घरमालकानं स्वतःच्या हौसेनं घातलेला. तिन्हींवरून मी बेतानं आले. एका म्हशीसाठी थांबले. म्हैस पेटीकडे बघून गेली.

परत आले तेव्हा दोघंही जिथं होते तिथंच बसलेले. मधे खोकं.

मी पेटी ठेवली. ह्यांनी मोबाईलची टॉर्च लावली. चारी कोपरे बघितले, खालची बाजू बघितली, झाकण तिरकं धरून उजेडात बघितलं, श्वास रोखून बघितलं. मी घामाघूम उभी होते. मला विचारायचं ते विसरले.

"काही झालं नाही," शेवटी ते म्हणाले.

"नाही ना?"

"एक रेघसुद्धा नाही, अक्का."

"बघू."

अक्कांनी पेटी जवळ ओढली. अंबाड्यातला आकडा काढला. झाकणाच्या अगदी मधोमध त्याचं टोक टेकवलं, आणि डावीकडून उजवीकडे एक रेघ ओढली. वीतभर. घाई न करता, रांगोळीची ओढतात तशी.

पाटीवर पेन्सिल ओढावी तसा आवाज झाला.

ह्यांचा हात उठला होता तो तसाच हवेत राहिला. तोंड उघडं होतं. अक्कांचा अंबाडा सुटून पाठीवर आला...



मला वाटलं, आता हे उठतात. नमस्कार न करता पेटी उचलून उठतात. अक्काही थांबवणार नाहीत. बारा वर्षं त्या फरशीवर राहतील, आणि आम्ही घरी जाऊन पॉलिशवाला शोधू.

"काळी चार," अक्का म्हणाल्या.

हे रेघेकडे बघत होते.

"विरूपाक्ष. काळी चार."

ह्यांनी झाकण उघडलं. भाता सोडला. पहिला सूर थरथरत आला. अक्कांनी त्यातच आवाज मिसळला. एकच ओळ म्हटली. दुसऱ्यांदा म्हटली. तिसऱ्यांदा वर जाताना त्यांचा आवाज फाटला.

मी जागच्या जागी थिजले. म्हाताऱ्या माणसाचा जिन्यावर पाय चुकला की आपलं होतं, तसं.

ह्यांनी तो वरचा सूर सोडला नाही. बोट तिथंच ठेवलं. भाता हळूहळू हलवत राहिले, घाई नाही, दुसरी कसली हालचाल नाही. अक्का खाली गेल्या, खाकरल्या, थांबल्या, पुन्हा चढू लागल्या. त्या तिथं पोचेपर्यंत सूर तिथंच उभा होता.

ओळ पुरी झाली.

ह्यांनी भाता मिटला. झाकण लावलं. मग, मला वाटलं होतंच, त्यांचं बोट त्या रेघेवर गेलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"अक्का..."

"बोल."

"हे पॉलिशनं जाईल ना?"

अक्कांनी सुटलेले केस हातानंच गुंडाळले. आकडा अंबाड्यात खोवला नाही. तो ह्यांच्या तळहातावर ठेवला आणि त्यांची मूठ मिटवली.

"सोमवारी दिवे लागायच्या आत ये," त्या म्हणाल्या. "दुसरी रेघ तुझी तू ओढ."