खांबावरचा धागा

“‘गेला’ म्हणजे मेलाच, असं कुठं असतं का, बाबा?”

कुबल मास्तरांनी देवळाची पायरी चढता चढताच विचारलं. मागून त्यांची सून रुक्मा आली आणि खाली मान घालून दाराशी बसली.

समुद्राकाठच्या त्या देवळात राहणारा गोसावी पूर्वी गलबतावर तांडेल होता. लोक त्याला तांडेलबाबा म्हणत. बोलायची त्याला खोडच नव्हती.

मास्तरांना मात्र होती. शिडाचे, दोराचे, सुताचे जुने शब्द गोळा करायचा त्यांना नाद. एकदा अर्थ सांगायला लागले की समोरच्यानं तहानभूक विसरावी, एवढीच त्यांची अपेक्षा.

“नांगर घ्या. शेतात चालतो, समुद्रात थांबवतो. पदर दोराला असतो आणि लुगड्यालाही. डोल म्हणजे गलबताची काठी, तसंच मासे धरायचं जाळं. सूत चरख्यावर निघतं, दोघांत जमतं, सुतार त्यानंच रेघ मारतो. मग एकट्या ‘गेला’लाच एक अर्थ कसा?”

“कोण गेला?”



“वासू... माझा मुलगा.”

वासूचं गलबत मलबारला निघालं, त्याला तिसरा पावसाळा झाला. ना गलबत परतलं, ना त्याची फळी किनाऱ्याला लागली. गावानं आशा सोडली. खाडीपलीकडचा एक भला माणूस रुक्माशी पाट लावायला तयार होता. जातीत विधवेचं असं दुसरं लग्न चालत होतं, रुक्माही तयार होती. फक्त सासऱ्यानं हो म्हणायचं होतं. आज तो माणूस उत्तरासाठी मास्तरांच्या ओटीवर येऊन बसला होता, आणि मास्तर इथं शब्दांचा कीस पाडत होते. आता असल्या माणसाला कुणी समजवायचं?

“हो म्हटलं, तर माझ्याच तोंडानं मी पोराला मारलं, असं होईल. नाही म्हटलं, तर...”

“तर?”

“तर तो जिवंत राहील.”

“कुठं?”

मास्तरांनी देवळाच्या खांबाकडे बोट केलं.

गावची रीतच होती. घरचं माणूस दर्यावर निघालं की खांबाला एक धागा बांधायचा. माणूस परतलं की त्यानं तो आपल्या हातानं सोडायचा. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. वासूचा धागा मास्तरांनी बांधला होता. खारी हवा धागा खाते, म्हणून दर अमावास्येला ते त्यावर नवा बांधत आले. आता तिथं नारळाएवढा गोळा झाला होता.

“सोड,” बाबा म्हणाला.

“मी? तो वासूनं सोडायचा.”

“वरचे सोड. ते तर तुझेच आहेत.”

मास्तर खांबापाशी गेले. त्यांनी गाठींत नखं घातली. काही सुटल्या, काही तुटल्या.

शेवटचा धागा निघाला. खाली नुसतं लाकूड होतं.

“पहिला कुठाय? वासूचा?”

रुक्मा तेव्हा पहिल्यांदा बोलली.

“तो पहिल्या अमावास्येच्या आधीच तुटून पडला, मामंजी. तुमच्या डोळ्यांना दिसलं नाही. तुम्ही नवा बांधलात तो नुसत्या खांबालाच.”

“आणि तू बोलली नाहीस?”

“कशी बोलू? तुम्ही एवढ्या मायेनं बांधत होतात...”

मास्तर खांबाला कपाळ टेकून ओक्साबोक्शी रडले. वासू गेल्यापासून ते रडले नव्हते. रुक्मानं पुढं होऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तिचेही डोळे वाहत होते. बाबानं दोघांना रडू दिलं.

मास्तरांनी डोळे पुसून तोंड वर केलं.

“मग इतके दिवस मी बांधत काय होतो, बाबा?”

बाबानं रुक्माकडे पाहिलं.

“हिला.”