ठकूआक्काचा नकार

“एकानेही नकार दिला नाही?”

“एकानेही नाही, महाराज!” वामदेव छाती पुढे काढून म्हणाला. “पंगतीतच विचारलं. काढा कोण कोण घेणार, हात वर करा, म्हटलं. सगळ्यांचे हात वर!”

वामदेव हा केवलगिरी महाराजांचा सर्वांत हुशार शिष्य. डोंगरावरच्या त्यांच्या मठात गोरगरिबांना औषध मिळे, दोन घास मिळत. सांधेदुखीवर वामदेवाने नवा काढा तयार केला होता. आधी स्वतः पिऊन पाहिला होता. आता तो सांधे दुखणाऱ्यांना देऊन पाहायचा होता.

“विचारलंस तेव्हा तू काय करत होतास?”

“भात वाढत होतो.”

महाराज गालातल्या गालात हसले.

“म्हणजे भाताचं पातेलं तुझ्या हातात...”

वामदेवाची पुढे आलेली छाती हळूच आत गेली.

“परत जा. या खेपेला रिकाम्या हातांनी.”

दुसऱ्या दिवशी तो खाली ओढ्याकाठी गेला. पंगतीतली म्हातारी मंडळी कोवळ्या उन्हात बसली होती. तोही त्यांच्यात मातीत बसला. काढ्याने गुण येईल किंवा येणारही नाही, म्हणाला. चक्कर येईल, पोटही बिघडेल कदाचित. घेतला नाही तरी मठातलं जेवण आणि नेहमीचं तेल मिळतच राहील.

त्यांच्यातल्या ठकूआक्काने कान देऊन ऐकलं.

“म्हंजे न्हाई म्हटलं तरी चालतंय?”

“...चालतं.”

“मग मला नगं रं लेका. माझं गुडघं दुखत्यात खरं, पर माझं हाईत!”

ओढ्याकाठी हशा पिकला. वामदेवालाही हसू आलं. पण मठाची चढण चढता चढता ते मावळलं.

“महाराज, ठकूआक्का नको म्हणाली.”

“काय सांगतोस!” महाराज टाळी वाजवून उठलेच. “अरे, आज शिरा करा रे!”

“माझा काढा नाकारला, आणि आपण शिरा...”

“तुला आज पहिल्यांदा उत्तर मिळालं, वामदेवा.”

वामदेव उंबऱ्यापाशी टेकला. मग हळूच हसला.

“बाकीचे तर तयारच आहेत. उद्यापासून त्यांना सुरू करू?”

“त्यांना आणखी एकदा विचार,” महाराज म्हणाले. “नाही म्हणता येतं, हे त्यांना आत्ता कुठे कळलंय.”