तळ्यात उतरलेली तिरीप

सूर्य अजून तरणाबांड होता, तेव्हाची ही गोष्ट. त्याची एक तिरीप भारी उतावळी. जन्मल्यापासून ती कुठे क्षणभर टेकली नव्हती. धावत धावत ती तळ्यात शिरली आणि तिची चाल एकदम मंदावली, वाटही वाकडी झाली.

"सोड मला! उशीर होतोय!" ती पाण्यावर खेकसली.

पाणी म्हणालं, "बाई, माझ्यातून जायचं तर माझ्याच चालीनं. घाई असणाऱ्या त्या बघ, परत निघाल्या."

तिच्या बहिणी पाण्याला नुसत्या शिवून, होत्या त्याच वेगानं लखलखत आभाळात चालल्या होत्या. तिचा जीव चुळबुळला. पण खाली काहीतरी हललं, म्हणून ती चरफडत उतरत राहिली.

तळाच्या चिखलात कमळाचा पिवळा पडलेला कोंब होता. त्यानं कशीबशी मान उचलली.

"आलीस गं बाई! बाकीच्या सगळ्या वरच्यावर चमकतात नि जातात."