पेल्यावरची करटी

कातळबंदरला खाडीच्या तोंडाशी एक जुना खारबांध आहे. समुद्राचे खारे पाणी भातजमिनीत शिरू नये म्हणून घातलेला हा दगडमातीचा बांध लांबून सरळ दिसतो. त्याच्यावरून चालत गेले की मात्र मध्यावर तो खाडीच्या अंगाला पोट काढल्यासारखा फुगलेला आढळतो. त्या फुगीर जागी एक काळा दगड उभा केलेला आहे. दगडाला शेंदूर नाही, हार नाही, त्यावर अक्षर नाही. माथ्यावर नारळाची करटी, म्हणजे अर्धी करवंटी, पालथी ठेवलेली असते. वाऱ्याने ती उडाली तर जो आधी पाहील तो दुसरी आणून ठेवतो.

बांध संपला की माडांच्या सावलीत माडी विकणारी काही घरे लागतात. तिथे बसायला बाक नाही, पाट नाही. उभ्यानेच प्यायचे. पेला मातीचा, आणि तो उघडा कधीच येत नाही. त्याच्या तोंडावर उथळ करटी झाकण म्हणून बसवलेली असते आणि त्या करटीत एक-दोन घास असतात. एका घरी भाजलेल्या सुक्या बांगड्याचा तुकडा, दुसऱ्या घरी तिखट-मीठ लावलेली खोबऱ्याची कातळी, तिसरीकडे फणसाच्या आठळ्या, पुढे तिसऱ्यांचे, म्हणजे शिंपल्यांचे, सुके. त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. म्हणून इथले लोक एका घरी ठाण मांडत नाहीत. इथे एक घास, एक पेला, मग पुढच्या दारात. पेला देणारी बाई "आदी खा" म्हणते आणि घास पोटात जाईपर्यंत करटीवर हात धरून असते. आणखी एक गोष्ट पाहुण्याच्या उशिरा ध्यानात येते. या गावात पंगत बसत नाही. लग्नातही नाही.

मागच्या मे महिन्यात पुण्याकडून काही मंडळी आली होती. त्यांतल्या एका बाईंनी करटीचा फोटो काढता काढता सांगितले, की स्पेन देशात अगदी असेच असते. लहान लहान बशांतून घासभर काहीतरी देतात आणि लोक या दुकानातून त्या दुकानात उभ्याउभ्या खात फिरतात. त्याला तापास म्हणतात. पूर्वी म्हणे पेल्यात माशी पडू नये म्हणून वर पावाचा तुकडा झाकत, त्यातून ती रीत निघाली. मग इथेही माशांसाठीच का, असे त्यांनी हसून विचारले.

नारबा मांजरेकर तिथेच उभे होते. वय झाले तरी पाहुण्यांना बांध दाखवायला तेच जातात. ते हसले नाहीत.

"माशी नाय गो बाय," ते म्हणाले. "माशीवर इतको राग कोण धरता?"

मग त्यांनी जे सांगितले ते असे.

बांध नव्हता त्या काळी भरतीचे पाणी थेट शेतात येई आणि जमिनीवर मिठाची साय धरे. रायाजीराव खोत तेव्हा गावाचे मालक होते. त्यांनी बांध घालायचा ठरवले आणि घरटी एक माणूस वेठीला लावला. सबंध उन्हाळा लोकांनी दगड वाहिले. आवडा भंडारणीच्या घरून तिचा भाऊ धाकू गेला. घरात ती दोघेच. नवरा गेल्यावर आवडा माहेरी परतली होती. धाकू माडावर चढून माडी उतरवायचा आणि आवडा ती विकायची. धाकू स्वतः पीत नसे. चढणाऱ्याने प्यायचे नाही, हा भंडाऱ्यांचा नेम; प्यालेला माणूस माडावरून उतरत नाही, पडतो. त्यामुळे भंडाऱ्याला शिव्या पुष्कळ देता येतील, पण पिऊन पडला, यापरती दुसरी नाही.

बांधाचे शेवटचे तोंड बुजले त्या दिवशी खोतांनी बांधाशेजारीच मांडव घालून जेवण दिले. पहिली पंगत खोतांच्या सोयऱ्यांची. दुसरी मानकऱ्यांची. तिसरी सुतार-लोहारांची. दगड वाहणारे सगळ्यांत शेवटी. आज जेवण आहे म्हणून त्या लोकांनी सकाळची पेजही घेतली नव्हती. ती माणसे उन्हात बांधावर बसून राहिली. मांडवातून वड्यांचा वास येत होता, आग्रह चाललेला ऐकू येत होता, आणि पहिली पंगत काही उठत नव्हती. बांधावर कुजबुज वाढली तेव्हा खोतांनी पानावरूनच सांगितले, त्यांना माडी पाजा म्हणजे गप्प बसतील.

ती माडी आवडाची होती. तिनेच ती ओतली. तिला त्यात वावगे वाटले नाही. पोटात काही नाही तर निदान हे तरी जाऊ दे, असे तिला वाटले. धाकू नको म्हणत होता. उन्हाने त्याचे ओठ फुटले होते. "आज खय माडार चढाचा आसा तुका," असे म्हणून तिनेच त्याच्या हातात पेला दिला. मग दुसरा दिला.

भरती चढली आणि नव्या तोंडातून पाणी झिरपू लागले. ओरड झाली. मांडवात बसलेल्यांनी ती ऐकली. पण पंगतीत वडीलधारा उठल्याशिवाय कोणी पान सोडत नाही, आणि वडीलधारे होते खोत. ते म्हणाले, "बसा. वाढलेल्या पानावरून उठायचं नाही." पोट भरलेले सगळे बसून राहिले आणि उपाशी होते ते धावले. धाकूने सुटत चाललेल्या दगडाला खांदा दिला. आवडा पाहत होती. त्याचे पाय थरथरताना तिने पाहिले. मग डोळ्यांपुढे अंधारी आल्यासारखे त्याने एक हात हवेत धरला, आणि तो गेला.

ओहोटीला तो सापडला. त्याला बांधावर आणून ठेवले तेव्हा तिसरी पंगत जेवून उठत होती. आता प्रेत पडले, विटाळ झाला, पुढची पंगत बसणार नाही, असे खोतांच्या माणसांनी सांगितले. ज्यांनी बांध घातला आणि त्या दिवशी राखलाही, ते तसेच घरी गेले. उरलेले अन्न खाडीत ओतले. आवडाने आपल्या डोळ्यांनी भाताचे ढीग पाण्यात विरताना पाहिले, असे सांगतात. ती तेव्हा रडली नाही. त्या भाताकडे पाहत राहिली.

बांधावर मेलेल्या माणसाचा बांधावर दगड उभा करायचा, ही खाडीकाठची जुनी रीत. आवडा दगड मागायला गेली. खोत ओटीवर पान खात होते. ते म्हणाले, "झिंगून पडला तो. दारुड्याचा दगड माझ्या बांधावर नको." आजूबाजूचे हसले. तेवढ्यावर ते राहिले नाही. खाडीपलीकडच्या गावांत धाकूचे नाव तसेच पसरले. बाजारात एका अनोळखी माणसाने तिला विचारले, प्यायलेला भंडारी तो तुमचाच का?

त्या दिवसापासून आवडाच्या अंगात जो राग शिरला तो तिच्या हातांत उतरला. खोतांचा राग होताच, पण आपल्या हाताचाही होता. तो पेला तिनेच दिला होता. तिने घरातल्या सगळ्या नारळांच्या करट्या घासून उथळ केल्या आणि प्रत्येक पेल्यावर एक ठेवली. त्यात जे घरात असेल ते. गिऱ्हाईक आले की ती म्हणे, "आदी खा." कोणी थट्टा केली, कोणी म्हणाले भूक नाही. ती पेला परत घेई. बाकीच्या घरांतल्या बायका प्रथम तिला वेडी म्हणाल्या. मग एकेकीचा नवरा, भाऊ, मुलगा त्या दिवशी बांधावर उपाशी बसला होता हे एकेकीला आठवले, आणि त्यांच्याही पेल्यांवर करट्या आल्या.

खोतांच्या घरी रोज माडी जाई. आवडाने तिच्यावरही करटी ठेवून पाठवली. त्यांना मासा चालायचा नाही म्हणून नुसते खोबरे ठेवले. खोतांच्या गड्याने ते वाटेतच गटारात टाकले. तिच्या हातची माडी त्या घरात चाले, तिच्या हातचे खाणे चालत नसे. हे तिला ठाऊक नव्हते असे नाही, पण त्या दिवशी ते तिला गटारात पडलेले दिसले. तिने निरोप पाठवला, की खोबऱ्याला माझा विटाळ होतो तर माडीला कसा होत नाही, ते कळवावे. तोवर पेला मिळणार नाही. खोतांनी तिचे माड काढून घेतले. पण धाकूमागे आवडाला माडी उतरवून देणारे गावातले भंडारी होते, त्यांतला एकही त्या माडांवर चढायला तयार होईना; ते तिला आपापल्या माडांची माडी देत राहिले. ते माड म्हणे शापाने सुकले. नारबा म्हणतात, शाप कसला, कोणी हातच लावला नाही.

पुढच्या भादव्यात अमावस्येचे मोठे उधाण आले. धाकू जिथे गेला तिथेच बांध फुगू लागला. फुटला असता तर सगळे उभे भात गेले असते, आणि भात काही एकट्या खोतांचे नव्हते. सगळा गाव धावला. या वेळी माडीच्या घरांतल्या बायकाही धावल्या, त्या करट्या घेऊन. बांध सोडून कोणाला हलता येत नव्हते, हात चिखलाने भरलेले होते. म्हणून त्या रांगेतून फिरत एकेकाच्या तोंडात एकेक घास घालत गेल्या. बसून जेवायचे तर बांध गेला असता. घासाघासाने माणसे उभी राहिली.

खोत सकाळपासून तिथे होते. पुढे पुढे त्यांनीही टोपल्या उचलल्या. त्यांच्या तोंडात कोणी घास घातला नाही. दुपार कलली तशी त्यांची चाल अडखळू लागली. ज्या जागी धाकू उभा होता तिथे येऊन ते थांबले, बांधाला हात टेकून त्यांनी प्यायला मागितले. आवडा पुढे झाली. पेल्यावर करटी, करटीत खोबऱ्याची कातळी. खोतांनी करटी बाजूला करायला हात घातला. तिने वर तळवा ठेवला.

"आदी खावा."

खोत म्हणाले, घरी जाऊन खाईन.

"माझो भाव पण घराकडे जावन जेवलो असतो," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "तो झिंगान पडलो की उपाशी पडलो, ता आदी सांगा. मगे खावा. मगे पिया."

बांधावरचे हात थांबले नाहीत, पण सगळे ऐकत होते. भूक काय असते ते खोतांच्या पायांना त्या दिवशी कळले असावे. खाली पाहून ते पुटपुटले, "उपाशी होता तो."

"मागच्यांका ऐकाक येवक नाय."

खोतांनी मान वर केली. मोठ्याने म्हणाले, "धाकू उपाशी होता. मी ठेवला होता." मग त्यांनी करटीतले खोबरे उचलून सगळ्या गावादेखत खाल्ले. ते गिळेपर्यंत तिने तळवा काढला नाही. मग पेला दिला. खाल्लेल्याला पेला द्यायचा हा तिचाच नेम होता, म्हणून दिला. तिने त्यांना माफ केले, असे कोणी सांगत नाही.

त्याच क्षणी समुद्र मागे सरला म्हणे. नारबांच्या मते ओहोटीची वेळच झाली होती. पण बांध टिकला, फुगीर तेवढा राहिला.

दगड उभा राहिला, तो खोतांच्या घरच्यांनी वाहून आणला. लोक शेंदूर घेऊन आले तेव्हा आवडाने त्यांना हाकलले. त्याला देव करू नका, ती म्हणाली. देवाला नैवेद्य दाखवतात आणि आपण खातात. मग तिने हातातली रिकामी करटी दगडावर पालथी घातली आणि सांगितले, की एकाने उठायची दुसऱ्याने वाट पाहायची, असे जेवण या गावात पुन्हा होऊ देणार नाही. ती होती तोवर कोणाची छाती झाली नाही. ती गेल्यावर कोणाला तशी इच्छा झाली नाही.

नारबांचे सांगणे संपले तेव्हा पुण्याच्या बाईंचा पेला तसाच हातात होता. करटीतली आठळी त्यांनी फोटोसाठी ठेवली होती. समोरची माडीवाली करटीवर तळवा ठेवून उभी होती. बाईंनी आठळी तोंडात घातली. नारबा म्हणाले, "चव बघू नको. गिळ."

आजही कातळबंदरला लग्न असले की प्रत्येक घरातून एकेक करटी निघते, आणि नवरा-नवरीपासून मांडव घालणाऱ्यांपर्यंत सगळे एकाच वेळी, उभ्याने, खातात. आजही खोतांच्या वंशातले कोणी गावात आले, तर बांधावरच्या त्या फुगीर जागी थांबून खोबऱ्याचा तुकडा खातात आणि मगच पुढे जातात. त्यांना तसे करायला कोणी सांगत नाही. पण ते खाईपर्यंत बांधावरून दुसरे कोणी हलतही नाही.