हाकेचा कडा

तो समोर दरीवर पुढे आलेला काळा कातळ दिसतो ना, तो हाकेचा कडा. करंबेळीत मूल जन्मलं की बारशाच्या सकाळी आई तिथे जाऊन उभी राहते. पाळण्यात घालणं, आत्यानं कानात कुर्र करणं, ते सगळं मागून. नाव आधी या कड्यावरून हाक मारून बघायचं, हा इथला रिवाज. मघापासून तुम्ही नवराबायको बाळासाठी मोबाईलमध्ये नावं धुंडाळताय, म्हणून सांगतो. नाहीतर हल्ली मला कोण विचारतं? मी इथल्या सटवाईच्या देवळाचा गुरव. माझ्या आजोबांनी सांगितलं तसं सांगतो. खरंखोटं देवीला ठाऊक.

फार पूर्वी गावात एक बाई होती म्हणे. तिची मुलं जगत नसत. आधी चांगली नावं ठेवून पाहिली, मग दृष्ट लागू नये म्हणून दगडू, केरू अशीही ठेवली, पण पाळणा रिकामा व्हायचा तो व्हायचाच. शेवटी मुलगी झाली तेव्हा सासूनं ठरवलं, हिचं नावच ठेवायचं नाही. नाव नाही तर सटवाईला पत्ता कसा लागेल? बारसं झालं नाही. पोर 'पोरी' म्हणूनच वाढली, आणि खरंच जगली. घरचे खूश झाले. आईला मात्र ते आतून खात असे. आपल्या लेकराला हाक मारायला आपल्याजवळ शब्द नाही, हे दुःख तिनं कुणाला सांगितलं नाही.

मुलगी चालती-बोलती झाली. त्या वर्षी श्रावणात बायका कड्याजवळ रानभाजी खुडायला गेल्या होत्या. भरदुपारी दरीतून धुकं चढलं आणि हाताला हात दिसेना. धुकं आलं तेव्हा पोर पदराशी होती, पुढच्या क्षणी नव्हती.

सगळा गाव धावला. 'ए पोरी, ए पोरी' करून माणसांचे घसे बसले. उत्तर नाही. कड्याच्या काठाला तर कुणी पाऊलही टाकू धजेना. मग सासूच्याच ते ध्यानात आलं. आमच्याकडे मुलांना अजूनही शिकवतात, रानात नाव न घेता कुणी बोलावलं तर तो चकवा समजायचा, ओ द्यायची नाही, जागचं हलायचं नाही. या पोरीलाही आजीनंच ते शिकवलं होतं. पोर गुणाची होती. हाका ऐकत ती कुठेतरी गप्प बसली होती, आणि तिला बोलावायला कुणाकडे नाव नव्हतं.

आई कड्याकडे निघाली तशी सासूनं तिचा हात धरला.

"नाव घेऊ नको गं. सटवाई नेईल तिला."

"न्हाई घेतलं तर कडा नेईल," ती म्हणाली.

कड्यावर उभी राहून तिनं आधी देवीला हात जोडले. असं सांगतात की तिचा आवाज जराही कापला नाही.

"आई सटवाई, तुला नावच पायजे असंल तर माझं घे. आजपासून मला कुणी नावानं हाक मारायची न्हाई. हिचं हिला ऱ्हाऊ दे."

आणि मग तिनं दरीत हाक मारली, "पवळेऽऽ!"

गाव चकित झाला. हे नाव आलं कुठून? ती पुन्हा ओरडली. आणि अगदी पायांखालून, कड्याला लागून असलेल्या करवंदीच्या जाळीतून, बारीकशी 'ओ' आली. पोर काठाखाली, त्या जाळीत पाय पोटाशी घेऊन बसली होती. दोराला धरून माणसं उतरली, तिला वर घेतलं. तुला तुझं नाव कसं कळलं, असं विचारलं तेव्हा ती आईला म्हणाली, "जात्यावर तू म्हणतीस ती मीच ना?"

रोज पहाटे दळताना आई तिला मांडीवर निजवी. जात्याच्या घरघरीत देवीला ऐकू जाणार नाही, अशा समजुतीनं ती हलकेच ते नाव घेत असे. पोर झोपलीय असं तिला वाटायचं.

पवळा पुढे नातवंडं बघून गेली म्हणे. आईनं आणि गावानं नवस पाळला. सासूनं, जावांनी, शेजारणींनी तिला पुन्हा कधी नावानं बोलावलं नाही. माहेरचीही बोलावीनात. ती वारल्यावर दहाव्याला भटजींनी नाव विचारलं, तर पवळेनं सांगितलं, तिला नाव नाही, नुसतं आई म्हणा. ज्यांना ते ठाऊक होतं ती माणसं गेली. गावात आज ते कुणालाच माहीत नाही.

म्हणून नाव सुंदर आहे का, त्याचा अर्थ काय, असलं आम्ही फारसं विचारत नाही. जीव घाबरा झाला असताना ते आईच्या तोंडून निघेल का, एवढंच कड्यावर बघतो. तुम्हीही तेवढं बघा, मग मोबाईल काय म्हणायचं ते म्हणो.

आजही बारशाच्या सकाळी बाळंतीण तिथे उभी राहते आणि पहिली हाक मारते ती 'आई' अशी. त्या हाकेला कुणी ओ देत नाही. खाली आम्ही सगळे, पागोटी काढून, गप्प उभे असतो. मग ती आपल्या बाळाचं नाव घेते, आणि अख्खा गाव ओ देतो.