पिवळ्या दगडाच्या पोटातला कण

गळ्याशपथ, हे डोळ्यांदेखत घडलं. तेव्हा डोळे कुणालाच नव्हते, ते सोडा. फार पूर्वी एका चकचकीत, पिवळ्या गंधकी दगडाच्या पोटात सोन्याचा कण अडकला होता. एकदा सोनं विरघळवणारं पाणी दाराशी आलं.

"आत सोनं आहे का हो?"

"आत कशाला? मीच सोनं," दगड म्हणाला.

"दादा, दार उघड, नाहीतर दोघंही टाकाऊ ढिगात जाऊ," कण कळवळला.

"गप रे. पाहुण्यांसमोर बोलू नये."

पाण्याने दगड चाटून पाहिला, काहीच विरघळलं नाही, आणि ते रिकामंच परतलं. कणाचं रडणं ऐकून शेजारच्या भट्टीमावशीने दगडाला आत ओढून भाजलं. घाण वास सोडत सगळा गंधक उडाला, अंगभर भोकं पडली, आणि पुन्हा आलेलं पाणी आत शिरून कणाला घेऊन गेलं.

"बघा, म्हटलं नव्हतं मी सोन्याचा?" भाजलेला दगड म्हणाला, आणि लाजला.

यातलं लाजणं तेवढं रचलेलं आहे.