आत्यासाहेबांचं सकाळचं डोकं

सोनवळीचे राजवैद्य धुंडिराजशास्त्री यांचं निदान फार सोपं असे. म्हातारं माणूस समोर आलं की नाडी धरायच्या आधीच म्हणायचे, "वय झालं!"

राजेसाहेबांच्या आत्यासाहेबांचं डोकं रोज दुपारी ठणकू लागलं, तेव्हाही त्यांनी भर दरबारात तेच ऐकवलं. "बहात्तराव्या वर्षी डोकं दुखायचंच. पोथीबिथी सोडा आणि पडून राहा."

पोथी सोडा म्हटल्यावर आत्यासाहेबांचा पारा चढला.

"शास्त्रीबुवा, हे डोकं दुपारी किती वर्षांचं असतं?"

"बहात्तर."

"आणि सकाळी?"

"हा काय प्रश्न झाला? बहात्तरच!"

"मग सकाळी का दुखत नाही?"

दरबारात खसखस पिकली. राजेसाहेबही मिशीतल्या मिशीत हसले. शास्त्रीबुवा खाली बसले आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एका म्हाताऱ्या माणसाला विचारलं, "दुपारी आपण काय करता?"

"पोथी वाचते." आत्यासाहेबांनी कनवटीचा चष्मा काढला. "हा आमच्या यांचा. ते गेल्यापासून यातूनच वाचते. तेवढीच सोबत."

शास्त्रीबुवांनी तो नाकावर चढवला मात्र, समोरचं सिंहासन राजेसाहेबांसकट डोलू लागलं!

त्यांनी त्याच चौकटीत आत्यासाहेबांच्या नजरेला बसतील अशा काचा घालून आणल्या. आठवड्यानं चौकशीला आले, तेव्हा भर दुपारी पोथी रंगली होती.

"आता कसं आहे?"

"वय आहे तिथंच आहे," पान उलटत आत्यासाहेब म्हणाल्या, "दुखणं तेवढं गेलं."